ओळखीचं अक्षर

गिराम सरांनी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली, पण तिच्यावरचं बोट काही उचललं नाही.

"बघा बाई. कुणाचं अक्षर हाय?"

वहीतून फाडलेल्या कागदावर चार ओळी होत्या. 'आई गेल्यापासून मला वर्गात एकदम रडू येतं. सगळे मला मेंटल म्हणतात. सर पण हसतात. मला शाळेत यायचं नाही.' खाली नाव नव्हतं. नाव लिहू नका, असं परिपाठाला मीच सांगितलं होतं. जिंतूरला मुलांच्या भावनिक आरोग्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण मी करून आले, तेलाचा रिकामा डबा मी रंगवला, त्याला फट पाडून व्हरांड्यात मीच टांगला. मनातलं लिहून टाका, कोण लिहितं ते कुणी शोधणार नाही, असं पोरांना छातीठोकपणे सांगून बसले. आणि पहिल्याच शनिवारी आमचे मुख्याध्यापक शोधायला लागले.

अक्षर मी पहिल्याच ओळीत ओळखलं होतं. एकोणीस वर्षं या वाडीतल्या प्रत्येक पोराचा हात धरून मी 'ग म भ न' गिरवून घेतलंय. सहावीतल्या भक्तीचं वळण मला अंधारातही कळेल. तिची आई दिवाळीत वारली. बाप, आश्रुबा, तेव्हापासून म्हणत होता की घरात बाईमाणूस नाही, पोरीला आता घरीच बसवतो. दोनदा त्याच्या दारात जाऊन मी त्याला थोपवलं होतं. पोरीला वर्गात मेंटल म्हणतात हे त्याच्या कानावर गेलं, की त्याला आयतं निमित्त मिळणार होतं.

"न्हाई ओळखू आलं," मी म्हणाले.

माझा स्वभाव मुळातच संशयी. नागसेन, माझा नवरा, म्हणतो की तू विहारात वंदनेला बसलीस तरी तुझा डोळा बाहेरच्या चपलांवर असतो. असेल बापडा. आमच्या शाळेत सर दोनच, गिराम सर आणि योगीराज. योगीराज नवा, पोरांबरोबर क्रिकेट खेळणारा, हसतमुख. मग हसणारे सर कोण, याचं गणित मी तिथल्या तिथं सोडवलं. नाहीतर गिराम सरांना एवढी घाई कशाची? पोरगी सापडली की बापाला बोलावतील, काही तक्रार नाही असं लिहून घेतील, मिटलं.

सोमवारी त्यांनी पाचवी ते सातवीचं शुद्धलेखन घ्यायला लावलं. वाक्यं स्वतः काढून दिली. 'आई बाजारातून आली. मुले वर्गात हसतात. मला शाळेत जायचे आहे.' पोलीस खात्यात जायला हवा होता हा माणूस.

मी वाक्यं सांगत गेले. 'वर्गात हसतात' म्हटलं आणि भक्तीचा पेन थांबला. मी खिडकीकडं बघायला हवं होतं. मी तिच्याकडं बघितलं, आणि ती माझ्याकडंच बघत होती.

तिचा कागद मी पर्समध्ये घातला आणि बाकीचा गठ्ठा सरांना दिला. तासभर चष्मा पुसून पुसून त्यांनी एकेक अक्षर तपासलं.

"बाई, तुमाला ठाऊक हाय. तुमी लपवायलात," ते म्हणाले.

मीही सोडलं नाही. तुम्हाला शोधायची एवढी गरज का पडली, असं तोंडावर विचारलं. नंतर कळलं की मीच कुणाकडून तरी चिठ्ठी लिहून घेतली आणि त्यांना अडकवायला डब्यात टाकली, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. चहासुद्धा वेगवेगळा.

बुधवारी मला राहवेना. मधल्या सुट्टीत भक्तीला पाण्याच्या टाकीमागं बोलावलं. आधी शेजारी बसा, बरं वाटतंय का विचारा, मग नुसतं ऐका, असं प्रशिक्षणात मी वहीत उतरवून घेतलं होतं. मी उभ्या उभ्याच विचारलं.

"भक्ती, कोणते सर हसले? गिराम सरच ना?"

ती बाटलीचं झाकण लावत होती. "त्यात नाव नव्हतं, बाई."

"अगं, मला तुझं अक्षर कळतं की."

"कुनी शोधनार न्हाई म्हनल्या व्हत्या तुमी."

दादाला काही कळणार नाही, असं मी म्हटलं. बापाला ती दादा म्हणते. तिनं मान हलवली, मोठ्या माणसांपुढं हलवायची म्हणून. तेवढ्यात घंटा झाली आणि ती गेली.

गुरुवारी योगीराज आपणहून माझ्या वर्गात आला. गिराम सरांच्या टेबलावरची चिठ्ठी त्यानं आदल्या दिवशी वाचली होती. "बाई, हसनारा मीच हाय," तो म्हणाला. कविता चालू असताना भक्ती रडायला लागली, तेव्हा 'आता टाकी भरंल बघा' असं तो बोलून गेला होता. पोरं हसली, तोही हसला. शुक्रवारी सहावीच्या वर्गात त्यानं कुणाचंही नाव न घेता सांगितलं की रडणाऱ्याला हसायचं नसतं, मी हसलो ते माझं चुकलं.

एवढंच करायचं होतं. चार ओळी वाचल्या त्याच दिवशी ते करता आलं असतं, आणि त्यासाठी कुणाचंच नाव लागलं नसतं. गिराम सरांसमोर मान वर करायची मला लाज वाटली.

भक्ती शाळेत रोज येते. मेंटल हा शब्द मला पुन्हा ऐकू आला नाही. आश्रुबाही गप्प आहे.

पुढच्या रविवारी सहावीचे निबंध तपासायला घेतले. एक वही उघडली आणि हात थांबला. सगळी अक्षरं सुटी, ताठ, पुस्तकात छापल्यासारखी. शिरोरेषा पट्टीनं ओढलेल्या. चूक एकही नाही. असं लिहिणारं पोर मी कधी शिकवलं नव्हतं. वही मिटून कव्हरवरचं नाव वाचलं, तेव्हा कळलं.

नागसेननं काय झालं म्हणून विचारलं. मी डोळे पुसले, पुन्हा वही उघडली आणि भक्तीला दहापैकी दहा दिले.