सगुणाबाईंचा आवाज

भोरजवळच्या एका नर्सिंग कॉलेजात सरावासाठी पेशंटसारखा बोलणारा पुतळा आला, तेव्हा सगळ्यांत जास्त हरखल्या त्या मुलींना शिकवणाऱ्या नूतन मॅडम. पुतळ्याची छाती वरखाली व्हायची, मनगटाला नाडी लागायची. फक्त त्याची मराठी पडली शहरी. मुली उद्या जपानला जावोत नाहीतर जर्मनीला, आधी त्यांना डोंगरातली म्हातारी कळली पाहिजे, असं मॅडमचं म्हणणं. देशोदेशीच्या नर्सिंग शिक्षिकांच्या ऑनलाइन बैठकीत त्या ठासून बोलल्या होत्या, "यापुढं खेड्यातला पेशंट यंत्रातून आमच्या वर्गात येईल."

म्हणून त्यांनी वेल्ह्याकडच्या वाडीतल्या सगुणाबाईंना आवाज द्यायला बोलावलं. म्हातारी चार तास माइकसमोर बसली. कधी पोटदुखीचा, कधी तापाचा, कधी मोडलेल्या पायाचा पेशंट झाली. मॅडम कानाला हेडफोन लावून संगणकाच्या पडद्यावर हलणाऱ्या आवाजाच्या रेघा बघत होत्या. "मावशी, झकास! अजून एकदा."

दीड महिन्यानं सगुणाबाई वारल्या. हृदय थकलं होतं म्हणे. मॅडमना वाईट वाटलं, पण आवाज तरी राहिला, असं त्यांनी मनाला समजावलं.

मग एका दुपारी वैष्णवी नावाची विद्यार्थिनी पुतळ्याजवळून उठेचना.

"मॅडम, केस पाय मोडल्याची आहे ना? मग हिला धाप का लागतीय?"

पुतळा सगुणाबाईंच्या आवाजात बोलत होता, "मला हालवू... नगा गं... लई... दुखतंय..."

मॅडमनी पोटदुखीची केस लावली. मग तापाची. दर दोन शब्दांमागं श्वास तुटत होता. चार तास त्या बाईपासून हातभर अंतरावर होत्या त्या. थकलेल्या हृदयाची खूण असलेली तिची सुजलेली पावलं त्यांना आत्ता आठवली.

त्या दिवसापासून तो आवाज त्यांची पाठ सोडीना. भाजी चिरताना, मुलींची हजेरी घेताना मधेच श्वास तुटायचा. शेवटी रविवारी त्या एसटीनं वाडीवर गेल्या आणि सगुणाबाईंचे यजमान कोंडिबा यांना सगळं सांगितलं.

कोंडिबा म्हणाले, "दम लागत हुता तिला. म्या म्हनलं, दवाखान्यात जाऊ. तर म्हनली, नर्सबाईंच्या म्होरं चार तास बसून आले, त्या काय बोलल्या न्हाईत. म्हंजे काळजीचं काय न्हाई."

कोंडिबांनी पाण्याचा तांब्या मॅडमपुढं सरकवला.

"अजून बोलती का वो ती, त्या यंत्रात?"

"बोलतात. तुम्ही म्हणाल तर आजच पुसून टाकते."

"पुसू नगा. पन तिचा पाय मोडला हुता, आसं पोरींना सांगू नगा. काय झालं हुतं ते सांगा."

सोमवारी मॅडमनी संगणकाचा पडदा बंद केला आणि मुलींना फक्त आवाज ऐकवला. बाई कोण, कुठली, तिला काय झालं होतं, सगळं सांगितलं.

"रेकॉर्डिंगच्या वेळी जवळ कुणी नर्स नव्हती का, मॅडम?" मागच्या बाकावरून एकीनं विचारलं.

"होती," मॅडम म्हणाल्या. "मी होते."