डोळे मिटून बोललेलं

खडूची ती बारीक रेघ... ही पण डावीकडेच वळलेली. ताईनं दुसरा तुकडा उचलला, खिडकीशी नेला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. पांढरं चकचकीत साटीन, आणि दोन्ही बाह्या डाव्या. दुसरी बाही कापताना कापड पालथं घालायचं असतं, हे शिवणाच्या पहिल्या दिवशी शिकवतात. आणि ही बया, माझी सख्खी धाकटी बहीण, बावीस वर्षं कात्री चालवतेय, आणि... नाही. बोलायचं नाही. आज एक्केचाळिसावा दिवस. चर्चमध्ये भर मंडळीत उभं राहून ताईनं साक्ष दिली होती, की प्रभूनं माझी जीभ ताब्यात घेतली आहे, यापुढं रागाचा एक शब्द या तोंडातून निघायचा नाही. पाळकीणबाईंनी डोळे पुसले होते. आता गिळायचं म्हणजे गिळायचं.

‘चुकले गं ताई,’ धाकटी मशीनवरून म्हणाली. ‘काल डोळ्याला डोळा नव्हता.’

कसा असेल? कपड्यांच्या कारखान्यातून बोलावणं आलंय ना तुला! आज पाचपर्यंत कळवायचंय, मला सगळं ठाऊक आहे. ही गेली की दुकानाला कुलूप – ताईच्या डोळ्यांना आता सुईत दोरासुद्धा ओववत नव्हता – आणि घरात बोलायला भिंती. म्हणजे आज तरी गोड बोलायला हवं होतं. पण ते साटीन! परवा नवरी गाऊन न्यायला येणार, आणि त्या ताग्यातलं वीतभर कापड शिल्लक नाही. जा की, जा! तिथं दिवसभर कॉलर लाव, म्हणजे कळेल... ताईनं दात आवळले. एकदाच, फार वर्षांपूर्वी, हिला मागणी घालायला आलेल्या माणसासमोर ती हसत बोलून गेली होती, की हिला धड बटण लावता येत नाही, संसार काय करणार. तो चहा संपवून गेला तो गेलाच. त्याबद्दल धाकटी कधी अवाक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मेली.

दुपारी दोघी ताटांवर बसल्या. ताईनं डोळे मिटले, आवाज मऊ केला.

‘हे प्रेमळ पित्या, या अन्नासाठी तुझे आभार. जे हात चांगल्या कापडाची माती करतात त्यांनाही तू क्षमा कर. बावीस वर्षांत आम्हाला जी अक्कल देता आली नाही, ती तू दे. आणि ज्यांचा एक पाय दाराबाहेर आहे, त्यांना केलेलं विसरू देऊ नकोस...’

वा! कसं झरझर येत होतं. रागाचा एक शब्द नाही, आणि छाती कशी हलकी होत चालली होती. आमेन.

धाकटीचं आमेन आलं नाही.

‘पूर्वी तू तोंडावर शिव्या द्यायचीस,’ ती ताटाकडे बघत म्हणाली. ‘मी उलट बोलायचे, तासाभरात दोघी चहा प्यायचो. आता तू डोळे मिटून बोलतेस. प्रार्थनेत मध्येच उलट कशी बोलू मी? चाळीस दिवस मान खाली घालून ऐकतेय.’

‘मी तुझं नाव तरी घेतलं का?’

‘ताई.’ धाकटीनं ताट बाजूला सारलं. ‘पाच वाजता कळवायचंय. त्याआधी एकदा माझ्यासाठी प्रार्थना कर. मला ऐकवायला नको, खरी. मग ठरवते.’

एवढंच ना! ताईनं डोळे मिटले. प्रभू, हिला... हिला शहाणपण – छे, तो टोमणाच झाला. हिचं मन वळव – तेही हिलाच ऐकवणं. दुसरं वाक्य उचललं, तेही बहिणीकडेच वळलं, तिसरंही. म्हणजे एवढे दिवस प्रभू, प्रभू म्हणत होते ते... आणि तू? तू सगळं ऐकत राहिलास, एकदा तरी गप्प बस म्हणालास का मला? कसला रे तू देव!

ताई दचकली. चाळीस दिवसांत खरोखर त्याच्याशी बोललेलं हे पहिलंच वाक्य, आणि तेही तोंडातल्या तोंडात, संतापून. समोर धाकटी हात जोडून वाट पाहत होती, तिचा श्वास ऐकू येत होता, आणि तोंड उघडलं तर काय निघेल याचं ताईला भय वाटत होतं.