मिस्त्रीने टाकलेले पार्क

गेल्या दीड वर्षात पाच पार्क मिस्त्रीच्या मनातून कायमचे उतरले होते, आणि पाचही त्याच्या बायकोनेच उतरवले होते. हे फक्त तिला ठाऊक होतं.

मिस्त्रीचा सगळा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. अंधाऱ्या पोकळीत लटकून वरखाली करायचं. त्यामुळे की काय, सुट्टी मिळाली की त्याला उघड्या आभाळाखाली वरखाली व्हायचं असे. रोलर कोस्टर म्हणजे जीव की प्राण. कुठे नवा उभा राहिल्याचं कानावर आलं की स्वारी निघाली. बायको मात्र कधी बसली नाही. तिला नुसतं बघूनच भोवंडायचं. ती समोरच्या बाकावर त्याचा चष्मा आणि पिशवी सांभाळत बसे. लहानपणी शाळा नशिबी नव्हती, अक्षरं ती तिथल्याच पाट्यांवरून शिकली. पन्नाशीत तिने वाचलेलं पहिलं सबंध वाक्य होतं, 'हृदयाचा विकार असणाऱ्यांनी बसू नये.' तेव्हा आपल्याला वाचता आलं याचंच तिला कोण कौतुक!

मग दीड वर्षापूर्वी डॉक्टरीणबाईंनी मिस्त्रीच्या छातीचा फोटो उजेडात धरला. हृदयातून निघणारी मोठी नळी फुगली होती. कापाकापी झेपण्यातली नव्हती. "जिना चढा, पण सावकाश," त्या म्हणाल्या. "जोराचा हिसका बसला तर नळी फुटेल. मग कुणाच्या हातात काही नाही."

घरी येऊन मिस्त्री म्हणाला, "त्या बाईला जन्मात कुणी पाळण्यात बसवलेलं दिसत नाही."

ती रडली, भांडली, दोन दिवस उपाशी राहिली. शेवटी त्याने शपथ घेतली, आणि पुढच्याच रविवारी 'जरा केस कापून येतो' म्हणून गेला. खिशात पार्कचं तिकीट सापडलं. केस होते तेवढेच होते.

त्या दिवसापासून तिने अडवणं सोडलं. लपून एकटा जाण्यापेक्षा डोळ्यांसमोर असलेला बरा. तो रांगेत उभा राहिला की ती मागच्या बाजूने कोस्टरची गाडी सोडणाऱ्याकडे जायची, हात जोडायची. "दादा, त्या पांढऱ्या शर्टवाल्यांना बसू देऊ नका. छाती नाजूक आहे त्यांची. आणि मी सांगितलं असं बोलू नका." मग कुणी वयाची सबब सांगे, कुणी म्हणे, वजनाचा तोल बिघडतोय. मिस्त्री लालबुंद होऊन बाहेर यायचा.

"भित्रे लेकाचे! पुन्हा पाय ठेवणार नाही इथे!"

"नका ठेवू," ती म्हणायची, आणि मान खाली घालायची. घरी गेल्यावर तो दोस्तांना फोन लावून त्या पार्कचा यथेच्छ उद्धार करी.

आजचा हा सहावा. इथे गाडी सोडायला एक तरुण बाई होती, गळ्यात शिट्टी. बाहेर पडायच्या वाटेने मिस्त्रीची बायको फलाटावर चढली आणि तिने त्या शिट्टीवालीला सगळं सांगितलं.

"आजी, तोंडी सांगण्यावरून मी कुणाला उठवू शकत नाही. डॉक्टरांचा कागद आहे?"

कागद कायम पिशवीत असायचा. तिने पिशवी धुंडाळली. बाटली, रुमाल, चष्म्याची डबी. कागद नव्हता. सकाळी मिस्त्रीने 'ओझं कशाला' म्हणत पिशवी उपसली होती, ते तिला आठवलं.

शिट्टीवाली समजूतदार होती. तिने ओरडून विचारलं, "काका, छातीचा काही त्रास?"

"पोरी, या छातीने लिफ्ट तोलून धरल्यात!" मिस्त्री पहिल्या डब्यात जाऊन बसलाही होता. मागचे लोक हसले. शिट्टीवालीने खांदे उडवले आणि शेवटच्या डब्यापासून बसलेल्यांच्या मांडीवर अडसराच्या दांड्या पाडत पुढे येऊ लागली.

इथला कोस्टर जुना, दोघांत मिळून एकच दांडी. मिस्त्रीशेजारची जागा रिकामी होती. आपण काय करतोय हे कळायच्या आत बायको तिथे जाऊन बसली.

"अगं! तू?" मिस्त्रीचा चेहरा असा उजळला, की तिला वाटलं, आपण इथेच मरून जावं. "चाळीस वर्षांनी! नीट बस. माझा हात धर, काही होत नाही."

तिने हात धरला नाही. पिशवी मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी कवटाळली. दांडी आली ती पिशवीवर अडकली. दार पुरतं लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही, तशीच दांडी बसल्याशिवाय ही गाडी हलत नाही, हे त्यानेच तिला शंभरदा समजावलं होतं.

"आजी, पिशवी द्या इकडे."

"नाही देणार."

"मावशी, मुक्काम करताय का?" मागून कुणी ओरडलं.

"अगं, दे ना," मिस्त्री हसत म्हणाला.

"तोल बिघडला नव्हता," ती म्हणाली. "वयाचंही काही नव्हतं. मीच सांगत होते. पाचही ठिकाणी."

त्याचं हसू तोंडावरच राहिलं. "तळ्याकाठच्या पार्कातसुद्धा?"

"हो."

"तो माणूस हात जोडत होता गं. आणि मी त्याचा बाप काढला."

मग त्याने पिशवी धरली. हात मिस्त्रीचे, तिचा काय टिकाव लागणार? पिशवी गेली. "पाड दांडी," तो शिट्टीवालीला म्हणाला.

बायकोने दोन्ही पाय वर घेतले आणि गुडघे छातीशी आवळले. दांडी गुडघ्यांवर येऊन थांबली.

"दाबा. मोडू देत गुडघे. मी उतरणार नाही."

शिट्टीवालीने दांडी सोडून दिली. "सगळ्यांनी उतरा," ती म्हणाली. लोक कुरकुरत उतरले. लांबलचक रिकाम्या गाडीत दोघंच उरली.

"मी काय करायचं मग?" मिस्त्रीने विचारलं. आवाज अगदी बारीक. "खुर्चीत बसून वाट बघायची? खुर्चीत नाही फुटणार ती नळी?"

फुटेल, खुर्चीतही फुटेल, हे तिला रोज पहाटे जाग येताच आठवायचं.

"किती दिवस अडवशील?"

"जाल तितके दिवस."

तो उठला. तिला उतरायला हात दिला नाही. बधिर झालेले पाय खाली सोडून ती उभी राहीपर्यंत तो उताराच्या वाटेला लागला होता. मध्येच थांबला, कठड्याला धरून. ती जागच्या जागी थिजली. मग तो पुन्हा चालू लागला.

तीही निघाली, दहा पावलं मागे राहून. जवळ गेली असती तर त्याने भराभर पावलं उचलली असती, आणि घाई त्याला सोसणारी नव्हती.