माझं नाव पिल्लू होतं

मी पिल्लू बोलतोय. हसू नका. मागच्या पायांवर उभा राहिलो तर माझे पुढचे पंजे तुमच्या खांद्यावर येतील, आणि भुंकलो की सायकलवाले रस्ता बदलतात. तरी माझं नाव पिल्लू. सगळा घोटाळा ह्या नावापायी झाला.

एका सोफेवाल्याच्या कारखान्यात फोमच्या तुकड्यांचा ढीग असायचा. मला कोणीतरी तिथे टाकून गेलं होतं. सोफेवाल्यांना मी सापडलो, तेव्हा त्यांनी मला ओंजळीत धरून वर घरी नेलं. "अगं, बघ काय गोड पिल्लू आहे!" ते बायकोला म्हणाले, आणि तेच नाव पडलं. पुढे "बाबांकडे जा", "आईला त्रास देऊ नकोस" असं दोघंही मला सांगू लागले. म्हणून ते माझे बाबा आणि त्या माझ्या आई. मी काही नाती जोडायला गेलो नव्हतो, त्यांनीच जोडली.

कापड कापायच्या टेबलाखाली माझी जागा होती. काम करताना बाबांच्या तोंडात कायम चुका असायच्या. म्हणजे बारीक खिळे हो. दुसऱ्या चुका नंतर झाल्या. एकेक चूक ओठातून काढायची आणि हातोडीने कापडावर ठोकायची. तोंड भरलेलं, त्यामुळे ते बोलत नसत आणि मलाही बोलता येत नाही. आमचं छान जमायचं.

मग माझं पोट बिघडायला लागलं. आतून गुरगुर, पातळ शी, मधूनच उलटी. थोडे दिवस बरं वाटायचं की पुन्हा तेच. एकदा आईंना माझ्या शीमध्ये पांढऱ्या दोऱ्यासारखं काहीतरी वळवळताना दिसलं. "अहो, ह्याला जंत झालेत. औषध आणा," त्या म्हणाल्या.

बाबा मला घेऊनच प्राण्यांच्या औषधांच्या दुकानात गेले. मला बाहेर खांबाला बांधलं.

"कोणासाठी हवंय?" दुकानदाराने विचारलं.

"आमच्या पिल्लूसाठी."

"मग हे पातळ औषध न्या. एक चमचा पुरे."

दुकानदाराने जरा मान बाहेर काढली असती, तर त्याला खांबाला बांधलेला हा धटिंगण दिसला असता. मी सगळं ऐकत होतो. पण चमच्याचं गणित आम्हा कुत्र्यांना कुठलं कळायला? गोड औषध होतं, मी चाटूनपुसून प्यालो.

पुढे दर वेळी तीच बाटली आली. पोट चार दिवस गप्प बसायचं आणि परत उसळायचं. घरात मात्र निकाल लागला होता. "हावरट आहे. बाहेर काहीतरी खाऊन येतो." मी बाहेर काहीही खाल्लं नव्हतं. एकदा कापड चिकटवायच्या खळीचा डबा चाटला होता, खोटं कशाला बोलू, पण तो घरातलाच होता.

त्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा दुधी रंगाचा सोफा तयार होऊन उभा होता. माझ्या पोटात कळ आली. मी दार खरवडलं, बाबांची पँट ओढली. शिलाई मशीन चालू होतं, बाबांच्या तोंडात चुका होत्या. "थांब रे," एवढंही त्यांना म्हणता आलं नाही. माझ्याने थांबवेना. सोफ्याच्या पायाशी झालं, आणि थोडं सोफ्यावरही उडालं. मला इतकी लाज वाटली की मी स्वतःहूनच कोपऱ्यात जाऊन बसलो.

नेमक्या तेव्हा आत्या आल्या होत्या. नाकाला पदर लावून म्हणाल्या, "दादा, हा रोग फार वाईट. नुसता वारा लागला तरी माणसाला होतो म्हणे." कुठून आणलं, देव जाणे. कोणी अशी कंडी पिकवली की माणसं म्हणतात, नवीन पिल्लू सोडलं. आत्यांनी ते सोडलं आणि बाबांनी मला.

त्याआधी एक गोष्ट मला कानाने कळली होती. घरात मी 'तो' होतो: तो जेवला का, तो झोपला का. आता 'ते' झालो. "ते कुत्रं वर आणू नका."

मग एका सकाळी बाबा म्हणाले, "चल पिल्लू, फिरून येऊ." मी उडी मारून टेम्पोत बसलो. टेम्पो फोमच्या गोदामाशी थांबला. तिथे एक मावशी राखणीला असतात. बाबांनी माझा पट्टा त्यांच्या हातात दिला. "थोडे दिवस सांभाळा, मग नेतो," ते म्हणाले. मला म्हणाले, "येतो हं." मी फाटकाकडे तोंड करून बसलो. येतो म्हणाले म्हणजे येणार.

मावशींनी मला नावच विचारलं नाही. "काय पाहुणे, जेवणार ना?" एवढंच. तिथेही माझं पोट बिघडलं. मावशींनी मला शिव्या घालत घालत फरशी धुतली, आणि मग प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं, शी तपासली. आधी कोणतं औषध दिलं होतं, ते विचारायला मावशींनी बाबांना फोन लावून डॉक्टरांपुढे धरला. बाबांनी बाटलीचं नाव सांगितलं.

"अहो, हे पिल्लांचं औषध! ह्याच्या पोटातल्या जंतांचा नुसता चहा झाला असेल तेवढ्यात."

"पण मी दुकानात नीट सांगितलं होतं, पिल्लूसाठी म्हणून."

"पिल्लासाठी?"

"नाही हो, पिल्लूसाठी! नाव आहे त्याचं."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. मग वजन बघून गोळ्या दिल्या, काही दिवसांनी पुन्हा द्यायला सांगितल्या. शी लगेच उचला, नाहीतर मातीतून जंत परत येतील, असंही बजावलं. मावशींनी सगळं केलं. मी बरा झालो. अंगावर तकाकी आली.

मावशींनी फोन केला, "ठणठणीत झालाय. घेऊन जा."

"येतो," बाबा म्हणाले.

आणि खरंच आले. टेम्पोचा आवाज मी वळणावरच ओळखला. बाबा खाली उतरले आणि त्यांनी हाक मारली, "पिल्लू!"

मी असा धावलो की फाटक हललं. पण बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांच्या हातातून ओंजळभर काहीतरी तपकिरी निसटलं होतं आणि चाकाखाली शिरत होतं. बाबांनी ते अलगद उचललं.

"ह्याचंही नाव पिल्लूच?" मावशींनी विचारलं.

"तोंडात बसलंय हो ते नाव," बाबा म्हणाले. त्यांनी फोमचे गठ्ठे टेम्पोत चढवले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "छान दिसतोयस." ह्या वेळी 'येतो' म्हणाले नाहीत.

कुत्रं राग धरत नाही, असं माणसं म्हणतात. त्यांच्या सोयीचं आहे ते. मला राग आहे. पण त्या तपकिरी पोरावर नाही. तोही वाढेल, त्याचंही पोट बिघडेल. तेव्हा बाबा, त्याला खांबाला बांधून दुकानात जाऊ नका. डॉक्टरांकडे न्या, काट्यावर उभं करा. नाव सांगू नका, वजन सांगा.

टेम्पो दिसेनासा झाला तरी मी फाटकाशीच उभा होतो. मागून मावशींची हाक आली, "पाहुणे, आत या. जेवण गार होतंय."

मावशी मनाच्या मोठ्या आहेत. पण पाहुण्याला परत जायला घर असतं, हे त्यांना कोण सांगणार?