सिल्वासाच्या सिमवरची कहाणी

"कहाणी भिंतीला सांगायची नाही. ऐकणारं माणूस बसव, त्याच्या मुठीत अक्षता दे, मग तोंड उघड." माझ्या सासूबाईंनी, मंजुळाबाईंनी, लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात मला हे सांगितलं. त्या गेल्यावर समोरच्या दारातल्या तानूबाई ऐकायला बसू लागल्या. त्यांना वाचता येत नाही. श्रावणात रोजची कहाणी कानावर पडल्याशिवाय त्या घास घेत नाहीत, आणि वय सत्तर.

यंदा ऐन श्रावणात कंपनीनं मला चीनला पाठवलं. सिल्वासाजवळच्या गलोंड्याला आमच्या कारखान्यात सूत तपासायचं काम माझं. नवं यंत्र घेण्याआधी त्याचा धागा मीच बघावा, असं साहेब म्हणाले. आमलीतल्या घरून निघताना तानूबाईंना शब्द दिला, "रोज फोनवरून सांगेन. तुमची नात सोनी लावून देईल."

पहिल्याच सकाळी हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सअॅप नुसतं फिरत राहिलं.

"काकू, इथे ते बंद असतं," बरोबरचा इंजिनियर वरुण म्हणाला. "इथला अडसर चुकवायला व्हीपीएन लागतं. मी घालून आणलंय, पण तेही लटकलंय."

"मग साधा फोन?"

"कंपनीनं आउटगोइंग बंद ठेवलंय. थोडासा डेटा दिलाय, तो संपू नये म्हणून मीच सगळ्यांना बंद करायला लावलाय. एक दिवस चुकला तर देव रागावणार नाही हो."

"देवाचं नाही रे. तानूबाई उपाशी बसतील."

तो पुन्हा व्हीपीएनशी खटपट करू लागला.

जप करता करता मनात एकच घोळत होतं. इथल्या विमानतळावर उतरल्यावर, डेटा बंद करण्याआधी, "पोचले" असा निरोप मी सोनीला टाकला होता. तो गेला होता, निळ्या खुणाही आल्या होत्या. तेव्हा वायफाय कुठे होतं? आपलं सिल्वासाचंच सिम होतं.

वायफाय बंद केलं, रोमिंगचा डेटा चालू केला. खोलीत रेंज येईना, म्हणून खाली फाटकापाशी गेले. घंटी वाजली. इथे दुपारचा एक वाजला होता, आमलीत साडेदहा.

"अगं अंजली, कवाची बसले मी! मुठीतले तांदूळ घामानं ओले झाले. तिकडचे देव काय उशिरा उठतात का?"

डेटा संपू नये म्हणून चेहरा न दाखवता कहाणी सांगितली. प्रत्येक वाक्याला पलीकडून "हं" येत होतं. कहाणी संपली आणि ताटावर वाटी ठेवल्याचा आवाज आला, तेव्हा मला भूक लागली.

आत येऊन वरुणला सांगितलं, तर त्यानं कपाळावर हात मारला. "आपल्या सिमचा डेटा आपल्याच देशातून फिरून येतो, त्याला इथला अडसर नाही. इंजिनियर मी, आणि सुचलं काकूंना!" जेवताना त्यानं ते सगळ्या टेबलाला ऐकवलं. आमच्याबरोबर आलेली नाशिक-पुण्याची तीन माणसं तिथूनच उठली, वायफाय बंद करून घरी बोलून आली. मी वरणासारखं काहीतरी भातावर घेत राहिले. पण मान ताठ होती, खोटं का बोलू.

दुसऱ्या दिवशी यंत्राची चाचणी सकाळी सातला होती, आणि फोन संध्याकाळपर्यंत कारखान्याच्या गेटवर ठेवायचे होते. म्हणून त्याच संध्याकाळी मी तानूबाईंना पुन्हा फोन लावला. "उद्या तुमच्या पहाटे चारला, इथल्या साडेसहाला, चालेल?"

"चालेल की. आंघोळ करून बसते. पण येशील ना नक्की?"

"येईन."

सकाळी वरुणच्या खोलीचं दार अजून बंद होतं. माझी आंघोळ झाली होती. पोथी पदराखाली धरली, वायफाय बंद केलं आणि आवाज न करता जिना उतरू लागले.