कोऱ्या बाटल्या

नवीन पोरं प्रयोगशाळेत आली की ताई त्यांना दारातच अडवायची. अंगठी काढा, घड्याळ काढा, आणि हाताला काही क्रीम-बीम लावलं असेल तर आल्या पावली घरी जा. कुणी हसलं तर त्याची खैर नसायची. सोळा वर्षं तिनं स्वतःच्या हाताला साधं तेलसुद्धा लावलं नव्हतं. आम्लात बाटल्या धुऊन धुऊन बोटांना भेगा पडल्या होत्या, पण तक्रार? नाव नको.

कारणच तसं होतं. इथे मोजायचं ते पाणी पृथ्वीच्या पार टोकावरच्या तळ्यांचं. जिथे माणूस नाही, झाड नाही, नुसता बर्फ आणि वारा, तिथल्या पाण्यात जस्त किती, शिसं किती. हौदभर पाण्यात मिठाचा एक कण असावा इतकं कमी. ते जास्त निघालं, तर समजायचं की आपल्याकडचा धूर वाऱ्यावर बसून तिथवर पोचला. पण इतकं कमी मोजायचं म्हणजे आपल्याच हाताचा मळ त्यात पडला तर सगळं मुसळ केरात.

तिला सगळे ताई म्हणायचे, कारण तिचा धाकटा भाऊ तिथेच संशोधन करत होता आणि दिवसभर ‘ताई, ताई’ करत तिच्यामागे असायचा. त्याचं ऐकून प्रयोगशाळेच्या सरांनीही तेच उचललं. तो धाकटा तीन महिन्यांसाठी त्या टोकाला पाणी आणायला गेला. चार तळी होती. शेवटच्या दिवशी, चौथ्या तळ्याच्या बाटल्या भरून झाल्यावर, काठचा बर्फ त्याच्या पायाखाली फुटला. जे पाणी नुकतंच बाटलीत भरलं, त्याच पाण्यात गेला. आता याला काय म्हणायचं? कशाला काही म्हणायचं!

ज्या बोटीतून बाटल्यांची तेरा खोकी आली, त्याच बोटीतून पेटीत बंद होऊन तोही आला.

‘‘तुम्ही रजा घ्या. पाणी मी दुसऱ्या कुणाकडून मोजून घेतो,’’ सर म्हणाले.

‘‘त्याच्या बाटल्यांना दुसरं कुणी हात लावायचा नाही,’’ ताई म्हणाली, आणि बाराव्या दिवशी पांढरा कोट चढवून उभी राहिली.

यंत्र पाण्याचा फवारा करून तो आगीच्या झोतात सोडतं आणि धातू मोजतं. पहिल्या तळ्याच्या पाण्यात जवळजवळ काहीच निघालं नाही. बाकीच्या तिन्हींत मात्र जस्त भरपूर. शिसंही होतं. आजवर त्या भागात कुणाला एवढं सापडलं नव्हतं. सर खुर्चीतून उठलेच. पहिलं तळं डोंगराच्या आडोशाला, म्हणून ते वाचलं. उरलेली तीन उघड्यावर. ‘‘पोरानं बाजी मारली हो, ताई! संशोधनाच्या पेपरवर पहिलं नाव त्याचंच घालायचं.’’

घरी आईला सांगितलं, तर ती कितीतरी दिवसांनी जेवणाच्या टेबलाशी नीट बसली. ‘‘छापून आलं की मला ते पान दे,’’ ती म्हणाली. ‘‘त्याच्या फोटोशेजारी लावीन.’’ मग शेजारणीला सांगून आली, खालच्या दुकानदाराला सांगून आली. रोज ताई घरात शिरली की आईचा पहिला प्रश्न, ‘‘आलं का छापून?’’ त्या एका प्रश्नावर ती बाई उठत-बसत होती.

तीन आठवड्यांनी मागे राहिलेलं चौदावं खोकं आलं. त्यात त्याचे बूट, वही, आणि चार कोऱ्या बाटल्या.

कोरी बाटली म्हणजे काय, तर इथलंच अत्यंत शुद्ध पाणी तिथे न्यायचं, तळ्याच्या काठी उघडायचं, तळ्याचं पाणी जसं गाळून भरतो तसंच ते गाळून दुसऱ्या बाटलीत भरायचं, आणि परत आणायचं. त्यात काही निघालं नाही, तर आपले हात स्वच्छ. पेपर लिहून तयार होता. राहिलं होतं ते एवढंच.

पहिल्या तळ्याची कोरी बाटली स्वच्छ निघाली. दुसऱ्या तळ्याच्या बाटलीत जस्त निघालं. तळ्यात होतं तेवढंच. तिसऱ्यात तेच, चौथ्यात तेच. ताईनं यंत्र धुतलं, पुन्हा मोजलं. आम्ल तपासलं, इथे ठेवलेल्या बाटल्या तपासल्या. त्यांत काही नव्हतं. म्हणजे घाण तिकडचीच, आणि ती तळ्याची नव्हती.

तिनं वही उघडली. पहिलं तळं झाल्यावर दोन दिवसांनी त्यानं लिहिलं होतं, ‘आज बोटं फुटून रक्त आलं. शेवटी ताईचं मलम काढलं. काय बरं वाटलं! ताई जिंदाबाद.’

ताईनं ती ओळ पुन्हा वाचली.

मलम तिनंच पाठवलं होतं. दोन ट्यूब घेतल्या होत्या, एक त्याच्या खोक्यात कोंबली, एक घरात राहिली. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं त्याचा फोन यायचा. तो म्हणाला होता, ‘‘अगं ताई, तूच तर सांगतेस हाताला काही लावायचं नाही.’’ त्यावर ती कडाडली होती, ‘‘शहाणपणा पुरे! बोटं गळून पडली तर तिथलं पाणी काढायला मी येऊ का? वरून हातमोजे घालतोस ना? मग काही होत नाही!’’ म्हणे काही होत नाही. मलमाच्या हातानं हातमोजा ओढून चढवायचा, म्हणजे मलम मोज्याला बाहेरून लागणारच, हे नव्या पोरांना सांगणारी हीच. त्या मलमात जस्तच असतं, आणि जस्ताबरोबर शिशाचा अंश येतोच. दुसऱ्यांच्या डब्यांवरची बारीक अक्षरं सोळा वर्षं वाचणाऱ्या बाईनं तेवढी एक ट्यूब वाचली नव्हती. आणि त्यानं ऐकलं. जन्मभर तिचं एक ऐकलं नाही कार्ट्यानं, नेमकं हेच ऐकलं!

तिनं सरांना सगळं सांगितलं. सरांनी उठून दार लोटून घेतलं. तेही वाईट माणूस नव्हते, पोरावर त्यांचा जीव होता.

‘‘हे अजून कुणाला माहीत आहे?’’

‘‘कुणालाच नाही.’’

‘‘झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई. प्रवासात बाटल्या फुटतात. तीन फुटल्या, एक वाचली, ती स्वच्छ निघाली. त्याचं नाव राहील. तुमच्या आईसाठी तरी...’’

खोटं कशाला सांगू, ताई उठली आणि त्या तीन बाटल्या घेऊन बेसिनपाशी गेली. एकीचं झाकणही काढलं. नळ सोडला. डोळ्यांपुढे आई होती, फोटोशेजारची रिकामी जागा होती. मग बाटलीवरच्या चिठ्ठीकडे लक्ष गेलं. वाकडंतिकडं अक्षर होतं, ‘कोरी. तळं तिसरं. बोटं आखडलीत, पण नियमाप्रमाणे भरली.’

तिथे बघायला कोण होतं त्याला? एक बाटली वगळली असती तर कुणाला कळणार होतं? फुटक्या बोटांनी त्यानं ती भरली, ती याच दिवसासाठी. आपली चूक असेल तर आपल्याला कळावी म्हणून.

तिनं नळ बंद केला, झाकण लावलं आणि चारही आकडे नोंदवहीत लिहिले. खाली सही केली. सरांनी ते वाचलं, मान हलवली आणि पेपर रद्द केला. एका स्वच्छ तळ्याची बातमी होत नाही.

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तोच आईनं विचारलं, ‘‘आलं का छापून?’’

‘‘नाही येणार, आई.’’

‘‘का?’’

‘‘चूक झाली मोजण्यात. त्या पाण्यात काही नव्हतंच.’’

‘‘काहीच नव्हतं?’’

‘‘नाही.’’

‘‘मग माझं लेकरू तिथे गेलं कशासाठी?’’

ताईला ‘त्याचं काम माझ्यामुळे वाया गेलं’ एवढंच म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर आईला एकाच वर्षात दोन्ही लेकरं गेल्यासारखं झालं असतं. ती नुसती खुर्चीत बसली आणि हात टेबलावर टाकले.

आईनं डोळे पुसले. मग तिचं लक्ष त्या हातांकडे गेलं. ‘‘अगं, काय ही दशा करून घेतलीस! रक्त आलंय बघ.’’ ती उठली, कपाट उघडलं आणि ट्यूब घेऊन आली. ‘‘त्याला पाठवलं होतंस, तेच आहे ना हे? त्याला किती गुण आला होता, फोनवर सांगत होता मला. आण इकडे.’’

ताईनं हात मागे घेतला नाही. आईनं पांढरं मलम तिच्या एकेका बोटाला, भेगेत शिरेल असं चोळून लावलं. ताईच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, थांबेचना.

‘‘झोंबतंय का गं?’’ आईनं फुंकर घालत विचारलं.

‘‘हो,’’ ताई म्हणाली.