नऊ इंची भिंत आणि एक तार

आमच्या एका घराची दोन घरं झाली तेव्हा भांडी, कपाटं, पंखे सगळं वाटून झालं. सासूबाई धाकट्या दिरांकडे गेल्या, कारण त्यांची खाट त्या बाजूच्या खोलीत होती आणि कमरेखाली त्यांना हलता येत नाही. त्यांना कुणी विचारलं नाही. मधे नऊ इंची भिंत उभी राहिली. वाटायची राहिली ती एक तार.

नेटवर्कची तार, मीच ओढलेली. माझं पोटच त्यावर आहे. ऑफिसांमधून तारा ओढायच्या, टोकांना प्लग बसवायचे आणि छतात डोकं घालून धूळ खायची. गवंड्याने विचारलं, ‘‘बाई, हिचं काय करू?’’ मी म्हटलं, ‘‘भोक ठेव.’’ त्याने ठेवलं. दोघा भावांचं तेव्हा एकमेकांकडे तोंड फिरवण्यात लक्ष होतं, भोकाकडे कोण बघतंय.

मग मी त्या तारेवर दोन छोटे स्क्रीन बसवले. एक माझ्या ओट्यावर, दुसरा पलीकडे भोकालगतच्या सासूबाईंच्या उशाशी. त्याला एकच जाड बटण. ते दाबलं की मी समोर. फोन त्यांना जमत नाही, गुळगुळीत काचेवर बोटं घसरतात. पाणी हवं तर मागायचं, कूस बदलायची तर सांगायचं. कुणालाही न विचारता करता येईल असं दिवसभरात त्यांच्याकडे ते एक बटणच होतं. भिंतीला कान असतात म्हणतात, आमच्या भिंतीला तोंडही होतं.

‘‘थोरले, आज कुणावर डाफरलीस?’’ हा त्यांचा रोजचा पहिला प्रश्न. मी सगळं सांगायची, त्या मजेत ऐकायच्या.

एकदा त्यांनी विचारलं, ‘‘हे फोनसारखंच ना गं?’’

‘‘छे. जाळं किती लांब पसरलंय त्यावरून त्याची जात ठरते, आई. तुमच्या कानातलं यंत्र उशाजवळच्या रेडिओशी जोडलंय ना, ते अंगापुरतं. पॅन म्हणतात. आपलं हे घरापुरतं, म्हणजे लॅन. बँकेच्या गावभरच्या शाखा जोडल्या की मॅन. आणि जगभर पसरलं की वॅन. फोनवरचं इंटरनेट त्यातलं.’’

त्यांनी जरा विचार केला. ‘‘म्हणजे माणसं किती लांब आहेत त्यावर नाव.’’

‘‘तसंच.’’

‘‘मग मी घरातलीच.’’

‘‘नाहीतर काय.’’

हे सगळं दिरांना कळायला वेळ लागला, पण कळलं. ते रस्त्याकडच्या दाराने आले, पाहुण्यासारखी बेल वाजवून.

‘‘वहिनी, वेगळं म्हणजे वेगळं. माझ्या घरातलं सगळं तुमच्या ओट्यावर ऐकू येतं, हे मला चालणार नाही. मी आईचं नीट करत नाही का?’’

नीट करतात, ते खोटं कशाला बोलू. सासूबाईंचं अंथरूण कधी मळलेलं दिसलं नाही. मी तसं म्हटलंही.

‘‘मग झालं तर. बोलायचं असेल तेव्हा मी फोन लावून देईन. संध्याकाळी, काम संपल्यावर.’’

‘‘म्हणजे त्यांनी आधी तुम्हाला विचारायचं. मग ती हाक गावाबाहेर जाणार, कुठल्या तरी परक्या मुलखातल्या यंत्राला वळसा घालणार आणि परत याच भिंतीशी येणार. नऊ इंचांसाठी. काखेत कळसा आणि गावाला वळसा.’’

‘‘वळसा यंत्र घालतं, तुम्हाला काय त्रास?’’ म्हणाले आणि गेले.

नवरा पेपरामागून म्हणाला, ‘‘जाऊ दे ना. घरातलंच आहे.’’

‘‘घरातलंच आहे म्हणूनच जाऊ देत नाही,’’ मी म्हटलं. पेपर आणखी वर गेला.

दुसऱ्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत तार सर्रकन भिंतीत शिरली. पलीकडून ओढून घेतली होती. स्क्रीन काळा. मी भोकाला तोंड लावून हाका मारल्या, तर पलीकडे दिरांनी रेडिओ मोठा केला.

पण दीर पडले टापटिपीचे. तारेचं मोकळं टोक लोंबकळलेलं त्यांना बघवेना. घरातल्या सगळ्या नेटवर्कच्या तारा जिथे जोडतात त्या डबीत एक रिकामं भोक दिसलं, त्यात त्यांनी ते बसवून टाकलं. दुसरं टोक आधीच त्याच डबीत होतं. माझ्या धंद्यात पहिल्या आठवड्यात कान उपटले जातात ते याच चुकीसाठी. डबीतून निघालेला निरोप पुन्हा डबीतच येतो, गरागरा फिरत राहतो, आणि सगळं ठप्प. दिरांचं घरून चालणारं विम्याचं ऑफिस ठप्प, प्रिंटर ठप्प. दुपारी परत बेल वाजली.

‘‘वहिनी, जरा येता का?’’

मी हसू दाबत गेले. टोक उपसलं आणि सगळं सुरू झालं. मग सासूबाईंकडे पाहिलं आणि हसू पार पळालं. त्या उशीवर टेकून ते बटण दाबत होत्या.

‘‘थोरले, सकाळपासून दाबतेय गं. तू रागावलीस का?’’

मला संताप आला. मी म्हटलं, ‘‘भाऊजी, ही तार परत घालते.’’

‘‘नाही,’’ ते म्हणाले. त्याच संध्याकाळी पाटी-थापी घेऊन त्यांनी स्वतः भोक बुजवलं. तार माझ्या दारात गुंडाळून ठेवली. भाऊजी टापटिपीचे, म्हटलं ना.

नवरा म्हणाला, ‘‘आता संपलं.’’

मी म्हटलं, ‘‘बघू.’’ पुढे काय करायचं ते मलाही ठाऊक नव्हतं. सकाळी ड्रिल काढून चार्जिंगला लावलं एवढंच.

ते वापरावं लागलं नाही. चहा ठेवला होता, तोच भिंतीत खरवडल्याचा आवाज आला. बारीक, पण चिकाटीचा. मी भोकापाशी गेले. माझ्या बाजूने ते अजून उघडंच होतं, दिरांनी आत कागदाचे बोळे कोंबून फक्त पलीकडून लिंपलं होतं. बोळा हलला, पुढे सरकला आणि माझ्या ओट्यावर पडला. मागून दुसरा. आणि मग भिंतीतून एक छोटासा लाकडी हात बाहेर आला, पाच बोटांचा.

सासूबाईंची पाठ खाजवायची काठी. तिचा पंजा मी चांगला ओळखते.

‘‘थोरले,’’ पलीकडून आवाज आला, ‘‘त्याला सिमेंट कालवता येत नाही. नुसती वाळू. चमच्याने निघालं.’’

मला रडू आलं आणि हसूही आलं. मी तार त्या लाकडी बोटांत अडकवली. पंजा मागे गेला, आणि तार हळूहळू भिंतीत शिरायला लागली. या वेळी ती ओढत होत्या सासूबाई.

मग दिरांची चप्पल वाजली.

‘‘आई, हे काय केलंस? सगळ्या अंथरुणावर वाळू. आण ती तार इकडे.’’ खण उघडल्याचा आवाज. ‘‘कापूनच टाकतो एकदाची.’’

‘‘काप,’’ सासूबाई म्हणाल्या.

 मी भोकाला कान लावून उभी.

‘‘आई, मनगटाभोवतीचा वेढा काढ.’’

‘‘नाही काढत. काप म्हटलं ना. हातासकट काप.’’

‘‘आई, मी तुझं काय कमी केलंय?’’

‘‘काही नाही रे. फार नीट करतोस. पण भिंत घालताना मला विचारलं नाहीस, आणि भोक बुजवतानाही नाही. त्या पोरीशी बोलायला मी तुझी परवानगी मागायची का? मी कुठे परगावी गेलेय? घरातच आहे मी. दोन्ही घरांत.’’

 चहा उतू गेला, नवरा उठून आला आणि पेपर विसरून माझ्याशेजारी कान लावून उभा राहिला. पलीकडे लोखंडी काहीतरी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पक्कडच असणार.

मग तारेला हिसका बसला.

‘‘थोरले, अजून सोड,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘पुरत नाही.’’

नवऱ्याने माझ्या हातातलं वेटोळं घेतलं आणि तो तार सोडायला लागला.